येवल्यानंतरचे साडेसात महिने

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे भरलेल्या दलितवर्गीयांच्या परिषदेत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी, हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरण पत्करणार नाही, अशी प्रतिज्ञा जाहीर केली, तेव्हा त्या घोषणेत दोन जागा मोकळ्या राहिल्या होत्या. कोणता धर्म स्वीकारायचा हे त्यांनी सांगितले नव्हते आणि तो केव्हा स्वीकारायचा हेही सांगितले नव्हते. जेथे बरोबरीची वागणूक आणि समान संधी मिळेल असाच धर्म निवडावा, एवढीच सूचना त्यांनी अनुयायांना दिली होती. त्या दिवसापासून ३१ मे १९३६ पर्यंत, म्हणजे मुंबईतील नायगाव येथे मुंबई इलाखा महार परिषदेसमोर त्यांनी आपले सविस्तर भाषण केले तोपर्यंतचे साडेसात महिने, महाराष्ट्रातील अस्पृश्य समाजाने या दोन मोकळ्या जागा कशा भरल्या जातील याची वाट पाहण्यात घालवले. पुढे ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध झालेले ते भाषण सहसा स्वतंत्रपणे वाचले जाते. पण ते ज्या अपेक्षांसमोर उभे राहिले त्या अपेक्षा बाजूला ठेवल्या, तर त्याचा आकार, त्याची लांबी आणि विशेषतः त्यात जे सांगितलेले नाही त्याचा अर्थ नीट लागत नाही.

येवल्याच्या घोषणेने अनुयायांना दिशा दिली त्याहून अधिक दिशा बदलायला लावली, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी प्राशन केल्यापासून या चळवळीचा रोख हिंदू समाजाच्या आत राहून समान हक्क मिळवण्यावर होता. १९२९ मध्ये पुण्यात पर्वतीच्या मंदिरासाठी सत्याग्रह झाला आणि २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सुरू झालेला सत्याग्रह, भाऊराव गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे नेटाने चालवला. रामनवमीच्या रथाला हात लावता यावा म्हणून ज्यांनी दगड-लाठ्यांचा मारा सोसला आणि तुरुंगवास भोगला, त्यांनाच आता येवल्यात सांगण्यात आले की मंदिराच्या दारात शक्ती खर्च करणे थांबवावे आणि त्या धर्माकडेच पाठ फिरवावी. पाच वर्षांचा लढा निष्फळ ठरला म्हणून तो सोडला जात आहे, एवढ्याने हे वळण समजत नाही. ज्या देवाच्या दर्शनासाठी भांडण मांडले त्या देवाशी असलेले नातेच तपासून पाहण्याची वेळ त्या माणसांवर आली होती. त्यामुळे पुढील परिषदेकडे डोळे लावून बसलेल्यांच्या मनात उत्सुकतेइतकीच धास्तीही होती, असे मानायला आधार आहे.

ही धास्ती कशाची होती हे समजण्यासाठी त्या काळच्या महार समाजाचे धार्मिक आणि आर्थिक जीवन पाहिले पाहिजे. गावगाड्यात, म्हणजे पिढीजात धंद्यांच्या देवाणघेवाणीवर चालणाऱ्या गावच्या व्यवस्थेत, महाराकडे वतन असे. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेली चाकरी आणि तिच्याबदल्यात मिळणारी थोडी जमीन व बलुते, अर्थात सुगीच्या वेळी प्रत्येक शेतकऱ्याच्या खळ्यावरून मिळणारा धान्याचा वाटा. वेशीची राखण, सरकारी टपाल पोहोचवणे, मेलेली गुरे ओढणे, मयताची वर्दी नातेवाइकांच्या गावी नेणे ही कामे त्या चाकरीत येत. ही गुलामगिरी मोडण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयकही आणले होते, तरीही खळ्यावरच्या त्या पसाभर धान्यावर ज्यांची चूल पेटत होती त्यांना वतनाचा मोह एकदम सुटणे कठीण होते. त्याच गावात मरीआईच्या जत्रेत महाराला मान होता, घरोघरी देव्हाऱ्यात खंडोबा होता आणि आषाढीला पंढरीची वाट धरणाऱ्यांपैकी अनेकांचा प्रवास महाद्वारासमोरील चोखोबांच्या समाधीपाशी संपत होता, कारण त्यापुढे मंदिरात पाऊल टाकण्याची त्यांना मनाई होती. चोखोबांवरचा जीव आणि त्या मनाईचा संताप एकाच माणसाच्या पोटात नांदत होता. धर्मांतराचा निर्णय हा अशा माणसांना घ्यायचा होता, आणि म्हणूनच तो एखाद्या ठरावाला हात वर करण्याइतका सोपा नव्हता.

मुंबईतील महारांची स्थिती थोडी निराळी होती. गिरणी, गोदी, रेल्वे आणि नगरपालिका येथे काम करणारा हा वर्ग गावच्या बलुत्यापासून सुटला होता, पण जातीपासून सुटला नव्हता. कापड गिरणीतील साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, मजुरी अधिक मिळे. तेथे धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागत असे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपण तोंडात धरणार नाही, या सवर्ण कामगारांच्या हट्टामुळे ते खाते अस्पृश्यांना बंद राहिले. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. यंत्राच्या युगातही अस्पृश्यता कशी शिरते याचे यापेक्षा जवळचे उदाहरण त्या कामगाराला नको होते. तो रोज ते पाहत होता, आणि धर्मांतराच्या घोषणेला मुंबईच्या चाळींत जो उत्साही प्रतिसाद मिळाला त्यामागे हा अनुभव होता.

घोषणेनंतर बाहेरच्या जगाने ज्या घाईने प्रतिसाद दिला त्यामुळे अनुयायांच्या अपेक्षा अधिकच वाढल्या. मुस्लिम पुढारी, ख्रिस्ती मिशनांचे धर्माधिकारी, अमृतसरच्या सुवर्णमंदिराशी संबंधित शीख मंडळी आणि बौद्धांची महाबोधी सभा अशा निरनिराळ्या धर्मीयांकडून तारा आणि निमंत्रणे आली. गांधीजींनी या निश्चयाबद्दल खेद व्यक्त केला आणि धर्म ही घर किंवा अंगरखा बदलावा तशी बदलण्याची वस्तू नाही, अशा अर्थाचे विधान केले. वास्तविक त्याच वर्षी अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावी, मुलांना शाळेत पाठवण्याचा आग्रह धरला म्हणून अस्पृश्यांवर हल्ला आणि बहिष्कार झाला होता, त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतले गेले होते, आणि गांधीजींनी त्या कुटुंबांना गाव सोडून जाण्याचा सल्ला दिला होता. घर बदलायला सांगणे योग्य, मग धर्म बदलायला सांगणे अयोग्य का, हा प्रश्न त्या काळच्या कोणाही विचारी अस्पृश्य तरुणाच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल.

हिंदू समाजातील काही मंडळी मन वळवण्यासाठी आंबेडकरांना भेटली. १९२८ मध्ये गोव्यातील गावड्यांना पुन्हा हिंदू धर्मात घेण्याची मोहीम चालवणारे मसुरकर महाराज त्यांत होते. धनंजय कीर यांनी आंबेडकरांच्या चरित्रात नोंदवले आहे त्याप्रमाणे, अस्पृश्य वर्गातील कार्यकर्ते के. के. सकट यांना एक वर्ष शंकराचार्यांच्या गादीवर बसवावे आणि पुण्यातील ब्राह्मण कुटुंबांनी त्यांना वंदन करावे, अशी अट आंबेडकरांनी या मंडळींपुढे ठेवली. अट साधीच होती. समानता खरोखर मान्य असेल तर ती मान्य करायला एक दिवस पुरला असता, आणि ती कोणीही पुरी केली नाही. या अटीने अनुयायांनाही एक गोष्ट स्पष्ट झाली असावी, की परतीची वाट नावापुरती उघडी असली तरी तिच्यावरून चालत येण्याची समोरच्या बाजूची तयारी नाही.

जानेवारी १९३६ मध्ये पुण्यात अस्पृश्य युवकांची परिषद झाली आणि तेथे आंबेडकरांनी आपला निश्चय अढळ असल्याचे पुन्हा सांगितले, पण धर्माचे नाव घेतले नाही. एप्रिलमध्ये ते अमृतसरला शिखांच्या परिषदेला गेले आणि तेव्हापासून शीख धर्माचेच नाव निश्चित झाले आहे, असा समज पसरू लागला. त्याच सुमारास लाहोरच्या जातपात तोडक मंडळाचे प्रकरण घडले. जातिभेद मोडण्यासाठी काम करणाऱ्या या हिंदू सुधारकांच्या संस्थेने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद आंबेडकरांना दिले होते, परंतु छापलेले भाषण हाती येताच, वेदशास्त्रांच्या प्रामाण्यावरील टीका आणि हिंदू म्हणून हे आपले शेवटचे भाषण ठरेल अशा आशयाचा उल्लेख मंडळाला पेलवेना. मजकूर बदलण्याची सूचना आली, तेव्हा एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे उत्तर त्यांनी दिले, परिषद रद्द झाली आणि मे महिन्याच्या मध्यास त्यांनी ते भाषण स्वखर्चाने प्रसिद्ध केले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. सवर्ण सुधारकांसाठी तयार केलेले ते इंग्रजी भाषण व्यासपीठावर कधीच झाले नाही, आणि नंतर दोनच आठवड्यांनी आपल्या माणसांसमोर, आपल्या भाषेत बोलण्याचा प्रसंग आला. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले असता एकाच विचाराची दोन तोंडे दिसतात. लाहोरसाठीच्या भाषणात, तुम्ही काय मोडले पाहिजे, असे सवर्णांना बजावलेले आहे, तर नायगावच्या भाषणात, त्यांनी ते मोडले नाही तर तुम्ही काय केले पाहिजे, याचा विचार अस्पृश्यांपुढे मांडलेला आहे.

या सर्व घडामोडींमागे राजकारणाचे घड्याळही चालू होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार प्रांतिक विधिमंडळांच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारामुळे, म्हणजे स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा देण्याच्या गांधी-आंबेडकर तडजोडीमुळे, प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ जागा ठरल्या होत्या. या जागा ‘अनुसूचित जाती’ म्हणून यादीत नाव असलेल्यांसाठी होत्या, आणि ३० एप्रिल १९३६ रोजी निघालेल्या शासकीय आदेशाने भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला त्या यादीतून स्पष्टपणे वगळले. धर्म बदलला की जागा जाणार का, हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहिला नव्हता. जे हक्क गोलमेज परिषदेपर्यंत भांडून मिळवले ते पहिल्याच निवडणुकीच्या आधी गमवावे लागतील काय, अशी चिंता सुशिक्षित अनुयायांत होती, तर विरोधक हाच मुद्दा पुढे करून धर्मांतर म्हणजे आत्मघात आहे असे सांगत होते. मद्रासचे अस्पृश्य पुढारी एम. सी. राजा यांनी धर्मांतराला विरोध केला होता आणि मुंबईतही चर्मकार समाजातील काही प्रमुख मंडळी या विचारापासून दूर राहिली होती.

नायगावची परिषद केवळ महारांची का, असा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला आणि भाषणाच्या आरंभीच आंबेडकरांना त्याचे उत्तर द्यावे लागले. सरकारकडे किंवा सवर्णांकडे काही मागायचे असेल तर सर्व अस्पृश्यांनी एकत्र येणे आवश्यक ठरते, परंतु येथे कोणाकडे काही मागायचे नसून आपल्या आयुष्याचे काय करायचे एवढाच विचार करायचा आहे, आणि तो प्रत्येक जातीने स्वतंत्रपणे करावा, असे त्यांचे म्हणणे होते. या उत्तरात एक व्यावहारिक हेतूही होता. घोषणा होऊन महिने लोटले होते, सभांतून टाळ्या पुष्कळ पडत होत्या, पण धर्म सोडण्यास खरोखर किती लोक तयार आहेत याची मोजदाद झाली नव्हती. लांबच्या प्रवासाला निघणारा नावाडी आधी उतारू किती हे पाहतो, तशी ही तयारी आहे, असे त्यांनी भाषणात सांगितले आहे. येथेच श्रोत्यांच्या आणि नेत्याच्या अपेक्षांतील फरक उघड होतो. श्रोते त्यांच्याकडून धर्माचे नाव ऐकण्यासाठी आले होते आणि ते श्रोत्यांकडून होकार ऐकण्यासाठी आले होते.

परिषदेसाठी नायगावात मोठा मंडप उभारला होता. जागेची निवड अर्थपूर्ण होती. गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस मोजणारा हा भाग, तेथील चाळी, जवळच परळचा दामोदर हॉल, जेथे आंबेडकरांनी स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते, आणि थोड्या अंतरावर दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह हे आंबेडकरांचे निवासस्थान, हा सारा परिसर चळवळीचे केंद्रच होता. स्वागताध्यक्ष रेवजी डोळस होते आणि अध्यक्षस्थान हैदराबाद संस्थानातील अस्पृश्यांचे पुढारी बी. एस. व्यंकटराव यांच्याकडे होते. आंबेडकर स्वतः त्या वेळी सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. वर्षभरापूर्वी, २७ मे १९३५ रोजी, त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे निधन झाले होते. पंढरपूरला जाण्याची त्यांची इच्छा होती आणि जेथे आपल्याला दारातच थांबावे लागते तेथे कशाला जायचे, आपण दुसरे पंढरपूर निर्माण करू, असे आंबेडकर त्यांना म्हणाल्याचे चरित्रकारांनी लिहिले आहे. श्रोत्यांतील अनेक घरांत जो पेच होता तो वक्त्याच्या घरातही होऊन गेला होता, ही गोष्ट भाषण वाचताना विसरता येत नाही.

हे भाषण उत्स्फूर्त नव्हते. ते काळजीपूर्वक लिहून आणलेले, प्रदीर्घ आणि पायरीपायरीने चढत जाणारे प्रबंधवजा भाषण आहे. जमावाच्या अपेक्षेचा ज्वर एवढा चढलेला असताना कोणाही वक्त्याला एका वाक्यात मंडप डोक्यावर घेता आला असता. आंबेडकरांनी तो मोह टाळला. धर्मांतर हा पोरखेळ नव्हे आणि करमणुकीचा विषयही नव्हे, असे बजावून त्यांनी प्रश्नाच्या दोन बाजू केल्या, एक सामाजिक आणि दुसरी धार्मिक, आणि आधी सामाजिक बाजू घेतली. सवर्ण आणि अस्पृश्य यांच्यातील तंटा हा दोन व्यक्तींचा किंवा एखाद्या गावचा नसून दोन वर्गांतील कलह आहे. मुलांना शाळेत घालणे, चांगले कपडे घालणे, धातूच्या भांड्यातून पाणी आणणे, नवरदेवाला घोड्यावर बसवणे अशा साध्या गोष्टींवरून मारहाण होते, कारण त्या गोष्टींनी अस्पृश्याने आपली पायरी सोडली असे सवर्णाला वाटते. हा कलह टळणारा नाही, म्हणून तो लढण्यासाठी सामर्थ्य हवे, आणि सामर्थ्य तीन प्रकारचे असते, मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. पहिली दोन आपल्याजवळ नाहीत, आणि शतकानुशतकांच्या लाचारीने तिसरेही खचले आहे, असा हिशेब त्यांनी श्रोत्यांसमोर निर्दयपणे मांडला.

येथे त्यांनी जे उदाहरण दिले ते श्रोत्यांच्या अगदी ओळखीचे होते. गावात मुसलमानांची दोनच घरे असतात, तरी त्यांच्या वाटेला कोणी जात नाही, आणि अस्पृश्यांची दहा घरे असली तरी त्यांच्यावर सारा गाव तुटून पडतो. याचे कारण असे, की त्या दोन घरांच्या मागे देशभरचा मुस्लिम समाज उभा राहील हे गावाला ठाऊक आहे, तर अस्पृश्याच्या मागे कोणीच येणार नाही हेही गावाला ठाऊक आहे. तेव्हा बाहेरून सामर्थ्य मिळवायचे असेल तर दुसऱ्या समाजात मिसळले पाहिजे, हा निष्कर्ष ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतो. या युक्तिवादावर, धर्म हा संख्याबळाचा सौदा नव्हे, असा आक्षेप घेतला गेला आहे. परंतु ज्या माणसाच्या झोपडीला आग लावली जाते त्याला संरक्षणाची गरज नाही असे म्हणण्याचा अधिकार, ज्यांच्या झोपडीला कधी आग लागली नाही त्यांच्याकडे कसा असू शकतो, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी दिलेले नाही.

धार्मिक बाजूचा विचार करताना त्यांनी व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवले. सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य यांच्यावाचून व्यक्तीचा विकास होत नाही, यांपैकी एकही गोष्ट हिंदू धर्मात अस्पृश्याला मिळत नाही, आणि धर्म माणसासाठी असतो, माणूस धर्मासाठी नसतो, हे सूत्र त्यांनी अनेक प्रकारे फिरवून सांगितले. हिंदुस्थानला स्वराज्याची जितकी गरज आहे तितकीच अस्पृश्यांना धर्मांतराची आहे, अशी तुलना करून त्यांनी राष्ट्रीय चळवळीचीच भाषा आपल्या प्रश्नाला लावली.

भाषणाचा मधला मोठा भाग शंकांच्या उत्तरांचा आहे आणि इतिहासकाराच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे. मंडपात बसलेल्या सामान्य माणसांनी त्या दिवसांत काय काय बोलून दाखवले याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही, पण उत्तरांवरून प्रश्न ओळखता येतात. वाडवडिलांचा धर्म कसा सोडायचा, असे म्हणणारे श्रोते होते म्हणून पूर्वजांनीही धर्म बदलले होते याची आठवण त्यांनी करून दिली. मुसलमान आणि ख्रिस्ती समाजांतही जातिभेद आहे, मग फायदा काय, असे विचारणारे होते म्हणून तेथील जातिभेद धर्माच्या आज्ञेने आलेला नाही आणि तो तोडताना धर्म आडवा येत नाही, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. राखीव जागांची चिंता करणाऱ्यांना त्यांनी सांगितले, की राजकीय संरक्षण कायमचे नसते, केवळ त्याच्या भरवशावर पिढ्यान् पिढ्या काढता येणार नाहीत, शिवाय ज्या समाजात आपण जाऊ तेथे आपल्या संख्येबरोबर राजकीय हक्कही येतील. हे शेवटचे उत्तर त्या वर्षीच्या कायद्याच्या चौकटीत फारच आशावादी होते, असे म्हणावे लागते. जागांचा प्रश्न त्या एका परिच्छेदाने मिटला नाही, आणि पुढील काळात धर्मांतर लांबत गेले त्याच्या कारणांत त्याची गणना करणे भाग आहे.

आणि मग धर्माचे नाव? ते आलेच नाही. साडेसात महिने ज्याची वाट पाहिली, ज्याविषयी वृत्तपत्रांनी रोज नवे तर्क केले, ते नाव एवढ्या प्रदीर्घ भाषणात कोठेही उच्चारलेले नाही. आपला स्वतःचा निर्णय झाला आहे, आपले धर्मांतर कोणत्याही ऐहिक लाभासाठी नाही, पण आपण सांगतो म्हणून कोणी येऊ नये, बुद्धीला पटले तरच यावे, असे सांगून त्यांनी निर्णयाचे ओझे श्रोत्यांच्या खांद्यावर ठेवले. शेवटी त्यांनी बुद्धाच्या अखेरच्या दिवसांतील प्रसंग सांगितला. आजारातून उठलेल्या तथागताला आनंद म्हणतो, की भिक्षुसंघाला काही अंतिम आदेश दिल्यावाचून आपण जाणार नाही अशी आशा वाटते, आणि तथागत विचारतो, की संघाची आता माझ्याकडून आणखी काय अपेक्षा आहे, आणि स्वतःच स्वतःचा आधार होण्याचा, सत्याला शरण जाण्याचा उपदेश करतो. अनुयायांच्या अपेक्षेविषयीचीच ही कथा आहे. नाव ऐकायला आलेल्या समुदायाला हीच कथा सांगण्यामागे विचारपूर्वक योजना होती, याबद्दल शंका वाटत नाही. या समारोपात बौद्ध धर्माची निश्चिती शोधण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला आहे, परंतु तो मागाहून लावलेला अर्थ आहे, कारण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी शीख धर्माच्या अभ्यासासाठी तेरा जणांना अमृतसरला पाठवले. १९३६ च्या मे महिन्यात नाव ठरले नव्हते, हेच अधिक संभवनीय आहे.

मग अनुयायांची निराशा झाली का? परिषदेने हिंदू धर्म सोडण्याची सामुदायिक तयारी जाहीर केली आणि त्या तयारीची पहिली पायरी म्हणून हिंदू देवतांची पूजा, उपासतापास आणि तीर्थयात्रा बंद करण्याचे ठरवले. त्याच मंडपात महार समाजातील साधू-बैराग्यांनीही सभा घेऊन या निर्णयाला पाठिंबा दिला. खंडोबाला आणि चोखोबांच्या समाधीला जन्मभर मानणाऱ्या माणसांनी, पुढे कोठे जायचे हे ठाऊक नसताना, मागची वाट सोडण्याचे कबूल केले. नाव सांगितले असते तर त्यांनी ते नेत्याच्या शब्दाखातर स्वीकारले असते, आणि नेत्याचा शब्द प्रमाण मानून धर्म घेणे म्हणजे शास्त्राचा शब्द प्रमाण मानून धर्म पाळण्यासारखेच झाले असते. लाहोरच्या सुधारकांना शब्दप्रामाण्य सोडा असे सांगणाऱ्या माणसाने आपल्या लोकांकडून शब्दप्रामाण्याची अपेक्षा केली नाही, आणि या एका गोष्टीमुळे नायगावचे भाषण त्या काळच्या इतर सर्व पुढाऱ्यांच्या भाषणांहून वेगळे पडते. त्यात राजकीय सावधगिरीही होती, हे नाकारण्याचे कारण नाही. नाव उघड केल्याने इतर धर्मीयांशी चाललेली बोलणी आणि निवडणुकीतील जागा या दोन्हींवर परिणाम झाला असता. पण केवळ सावधगिरी असती तर एवढे विस्तृत विवेचन करण्याची गरज नव्हती.

२० जून १९३६ च्या, आंबेडकरांच्या ‘जनता’ साप्ताहिकात भाषण छापून आले आणि ते मुंबईबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचले. जूनमध्ये मूळचे इटलीचे असलेले बौद्ध भिक्षू लोकनाथ राजगृहावर येऊन भेटले आणि हिंदुमहासभेचे डॉ. मुंजे यांच्याशी शीख धर्माच्या पर्यायाविषयी वाटाघाटी झाल्या. पुढील वर्षी माटुंग्यात सुरू झालेले शिखांचे खालसा महाविद्यालय ही त्या संबंधांची आजही उभी असलेली खूण आहे. १५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली, निवडणुका आल्या, त्यानंतर महायुद्ध, मंत्रिपद आणि संविधानसभा आली आणि नायगावला दिलेला होकार वीस वर्षे थांबून राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक पांढरी वस्त्रे नेसून आले तेव्हा धर्माचे, म्हणजे बौद्ध धर्माचे, नाव सर्वांना आधीच माहीत होते. तेथे आधी दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, आंबेडकरांनी हा मार्ग का निवडला याचे सविस्तर भाषण केले.